जर्मनीत उतरल्यावर मदत कुठे मिळते आणि कोणत्या क्रमाने मागायची: मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी

"दादा, पोरगं परवा पोचलं बघा. तिकडं आपल्या ओळखीचं कुणी हाय का?"

अहमदपूर, जिंतूर, माजलगाव, कुठूनही असा फोन येतो. त्यांच्याकडे सकाळचे आठ, माझ्याकडे पहाटेचे साडेचार. प्रश्न नेहमी ओळखीचाच असतो. तहसीलला काम अडलं की ओळख शोधायची, दवाखान्यात खाट मिळत नाही की ओळख शोधायची, ही सवय विमानात बसली म्हणून सुटत नाही. जर्मनीत ओळखीचा माणूस फार तर एक वेळ जेवू घालील. कार्यालयात त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे नाव लागतं, पत्ता लागतो आणि हातात पत्र लागतं, तेही याच क्रमाने. ही तीन हातात असली की पुढची बहुतेक मदत सरकारी पैशाने, फुकट मिळते.

महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात २०२४ मध्ये करार झाल्यापासून आपल्याकडच्या नर्सिंग आणि आयटीआयच्या पोरांमध्ये जर्मनीचा विषय जोरात आहे. हा लेख नोकरीवर किंवा आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे पगारी प्रशिक्षणासाठी, निघालेल्यांकरता आहे. विद्यापीठात शिकायला जाणाऱ्यांचे व्हिसा आणि पैशांचे नियम वेगळे आहेत, पण टप्पा ५ पासून पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडतं.

टप्पा १: नाव एकसारखं करा (निघण्याआधी किमान सहा महिने)

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि तो घरीच होतो.

बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी: गायकवाड सचिन भीमराव. पासपोर्टवर नाव "सचिन भीमराव", आडनाव "गायकवाड". आधारवर "सचिन गायकवाड", बापाचं नाव गायब. आपल्याला ही तिन्ही एकाच माणसाची नावं वाटतात. जर्मन कारकुनाला तीन माणसं दिसतात. काहींच्या पासपोर्टवर तर आडनावाचा रकानाच रिकामा असतो, पूर्ण नाव एकाच रकान्यात कोंबलेलं. मग जर्मनीत ते अख्खं नाव आडनाव म्हणून नोंदलं जातं आणि विम्याच्या कार्डापासून घरभाड्याच्या करारापर्यंत सगळीकडे तेच येतं. पासपोर्ट आधी दुरुस्त करा. बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या.

लग्न झालेल्या मुलींचं आणखी एक. मार्कशीट माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नाव बदलल्याचं राजपत्र, दोन्ही सोबत हवीत. लग्नाचा फोटो आणि पत्रिका तिथे कोणी बघत नाही.

आणि गावाचं नाव. तुमच्या पासपोर्टवर जन्मस्थळ औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असेल, नव्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव. आपल्याला यात विचारण्यासारखं काही वाटत नाही, पण समोरच्याने नकाशावर शोधलं की त्याला दोन गावं दिसतात. २०२३ च्या नामांतराच्या अधिसूचनेची प्रत इंग्रजीतून फाइलमध्ये ठेवा. दोन पानांचं काम आहे, पण खुलाशाच्या पत्रापत्रीतले महिने वाचतात.

जन्म घरी झाला आणि नोंदच नाही, असं असेल तर आज कामाला लागा. एक वर्षानंतरच्या जन्मनोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. तो आठवड्यात निघत नाही.

तपासा: पासपोर्ट, दहावीची सनद, शेवटची पदवी किंवा पदविका, जन्मदाखला आणि लग्न झालं असल्यास विवाह दाखला एका ओळीत टेबलावर मांडा. इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर वाचा. "शिंदे"च्या शेवटी एकीकडे ई आणि दुसरीकडे आय असेल तर तो फरकच आहे.

टप्पा २: कागदांची फाइल

नर्सिंगवाल्यांनी हा टप्पा दोनदा वाचावा.

तुमची पदवी जर्मनीत जशीच्या तशी चालत नाही. तिची आनरकेनुंग, म्हणजे मान्यता, घ्यावी लागते. त्यासाठी नुसती मार्कशीट पुरत नाही. कोणता विषय किती तास शिकवला, कोणत्या वॉर्डात किती तास प्रत्यक्ष काम केलं, याचा तपशील कॉलेजच्या शिक्क्यानिशी लागतो. जीएनएम असो की बीएस्सी, हा तासांचा हिशेब आपल्या कॉलेजांकडे तयार नसतो. प्राचार्य बदललेले असतात, जुनी रजिस्टरं कपाटावर गठ्ठ्यात पडलेली असतात. पास झालात त्याच वर्षी हे कागद काढून ठेवले तर एका चकरेत काम होतं. पाच वर्षांनी गेलात तर कॉलेज तरी चालू आहे का, इथून सुरुवात होते. सोबत महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी आणि अनुभवाची पत्रं. अनुभवपत्रावर "काम समाधानकारक" एवढंच नको. वॉर्ड, तारखा आणि आठवड्याचे तास लिहून घ्या.

लसीकरणाचा कागदही लागतो. जर्मनीत दवाखान्यात किंवा वृद्धाश्रमात काम करायचं तर १९७० नंतर जन्मलेल्यांना गोवर-संरक्षणाचा पुरावा द्यावा लागतो. लहानपणीचं कार्ड अंगणवाडीतच हरवलं असेल तर रक्त तपासून प्रतिकारशक्तीचा अहवाल घेता येतो, किंवा पुन्हा दोन डोस घेता येतात. दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे जातात, म्हणून हे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

भाषांतर कुणाचं चालेल हे ज्या कार्यालयात अर्ज करायचा त्यालाच आधी विचारा. बहुतेक ठिकाणी शपथबद्ध भाषांतरकाराचंच लागतं. ओळखीच्या क्लासवाल्या मॅडमनी केलेलं भाषांतर कितीही सुंदर असलं तरी परत येतं.

इशारा: "अपोस्टिल करून देतो, इतके हजार द्या," असं एजंट म्हणाला तर थांबा. अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून करारातल्या देशांत चालणारा सरकारी शिक्का. भारत अपोस्टिलच्या करारात आहे, पण भारताच्या प्रवेशावर जर्मनीने आक्षेप घेतला असल्यामुळे भारत आणि जर्मनी यांच्यात अपोस्टिल चालत नाही. जर्मन कार्यालयाला शंका आली तर ते स्वतःच्या दूतावासामार्फत कागदांची पडताळणी करून घेतं. दुसऱ्या देशासाठी जाणाऱ्या भावाने अपोस्टिल केलं म्हणून तुम्हीही करायचं कारण नाही.

टप्पा ३: एजंटला पैसे देण्याआधी तीन गोष्टी

एक, परदेशात माणसं पाठवणारा भरती एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणीकृत लागतो. त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर शोधा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. "आमची कन्सल्टन्सी आहे, भरती नाही" हे उत्तर मिळालं तर नोकरीचं पत्र कोण देतंय, ते विचारा.

दोन, जर्मन बाजूची काही दवाखानासमूह आणि भरती संस्था "फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड" या गुणचिन्हाखाली येतात. तिथे नियम असा की भरतीचा खर्च मालकाने करायचा, नर्सने नाही. चिन्ह खरं आहे का, ते त्यांच्या यादीत बघता येतं.

तीन, करार जर्मनमध्ये असेल तर तो समजेपर्यंत सही नको. "दोन वर्षांआधी सोडलं तर भाषेच्या क्लासचा खर्च परत" अशी अट शेवटून दुसऱ्या पानावर असते. ती वाजवी आहे की नाही, ते टप्पा ७ मधले लोक फुकट तपासून देतात, भारतातून विचारलं तरी.

टप्पा ४: विमानात बसण्याआधी मदत सुरू करा

लोकांना वाटतं, मदत पोचल्यावर. तसं नाही. जर्मन सरकारची "अर्बाइटन उंड लेबन इन डॉइचलांड" ही फोनसेवा इंग्रजीतही बोलते: +४९ ३० १८१५-११११. व्हिसाचा कोणता प्रकार, मान्यतेचा अर्ज कोणत्या कार्यालयात, हे प्रश्न त्यांना विचारा. मान्यतेचं कार्यालय प्रत्येक राज्यात वेगळं आहे. नर्सिंगसाठी बाडेन-व्युर्टेम्बर्गचं श्टुटगार्टला आहे. "मेक इट इन जर्मनी" हे सरकारी संकेतस्थळही वाचून ठेवा. यूट्यूबवरच्या भाऊंचे व्हिडिओ बघायला हरकत नाही, पण नियम बदलले की भाऊ जुना व्हिडिओ काढून टाकत नाहीत.

भाषेसाठी फोकहोखशूलेचं, म्हणजे तिथल्या प्रौढ शिक्षण केंद्रांचं, ऑनलाइन लर्नपोर्टल आणि डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची "निकोस वेग" ही मालिका, दोन्ही फुकट. नायगावात बसूनही करता येतात. परीक्षा मात्र मान्यताप्राप्त केंद्रातच द्यायची. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्याचं माक्स म्युलर भवन. नर्सला पूर्ण मान्यतेसाठी भाषेची बी२ पातळी लागते, आउसबिल्डुंगला साधारणपणे तिच्या खालची बी१ मागतात.

घरचं काय? शेती नावावर असेल तर भावाच्या किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करा आणि निघण्याआधीच दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नंतर करायचं तर भारतीय वाणिज्य दूतावासाची वेळ घ्यायची, प्रवास करायचा, पत्र भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा. पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी वडील बँकेत बसलेले आणि तुमची रात्रपाळी, अशा दिवशी हे करत बसावं लागतं. बँकेलाही कळवा. परदेशी कामाला गेल्यावर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं.

टप्पा ५: पहिले १४ दिवस, म्हणजे पत्ता आणि पत्रपेटी

नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग करायची असते, म्हणजे नगरपालिकेच्या कार्यालयात राहण्याचा पत्ता नोंदवायचा. कार्यालयाला कुठे ब्युर्गरब्युरो म्हणतात, कुठे ब्युर्गरआम्ट. कर क्रमांक, पगाराचं खातं, निवास परवाना, सगळं या नोंदीवर उभं आहे.

१. घरमालकाकडून "वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग" घ्या. हा माणूस अमुक तारखेपासून इथे राहायला आला, असं मालकाने सही करून दिलेलं पत्र. भाडेकरार दाखवून भागत नाही. दवाखान्याच्या वसतिगृहात राहत असाल तर हे पत्र तिथल्या कार्यालयातून मिळतं.

२. टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, ऑनलाइन घ्या. मोठ्या शहरात १४ दिवसांच्या आतली वेळ मिळत नाही. घाबरू नका, वेळ मागितल्याचा पुरावा जपून ठेवा. सकाळी लवकर रद्द झालेल्या वेळा दिसतात.

३. पासपोर्ट, व्हिसा, ते पत्र आणि भरलेला फॉर्म घेऊन जा. लग्न झालं असेल तर विवाह दाखला आणि भाषांतरही.

४. फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सभासद असाल तर पगारातून चर्च कर कापला जातो. तो आयकराच्या ८ टक्के असतो, बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बायर्न (बव्हेरिया) सोडून इतर राज्यांत ९. आपल्या जालना, नगर भागातल्या ख्रिस्ती मुलींना हे कोणी सांगत नाही, मग पहिली पगारचिठ्ठी पाहून त्या गोंधळतात. हिंदू, बौद्ध, मुस्लिमांना हा कर नाही.

इशारा: "तू दुसरीकडे राहा, नोंद माझ्या पत्त्यावर कर, शंभर युरो दे," असं सांगणारे आपलेच लोक भेटतात. न राहता पत्ता द्यायला कायद्यात बंदी आहे आणि असा पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

इशारा: खोली पाहण्याआधी, किल्ली हातात येण्याआधी अनामत पाठवू नका. कायद्याने अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं आणि ती तीन हप्त्यांत देता येते.

आता पत्रपेटी. यासाठीच खरं तर मी हा लेख लिहायला घेतला.

मी पहिल्यांदा राहिलो ते घर तीन मजली होतं. दारात पत्र्याच्या सहा पेट्या, प्रत्येकीवर बोटभर लांबीची पट्टी. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. मला वाटलं, घराचा नंबर आहे, पोस्टमनला कळेल. औशात आमच्या पोस्टमनला अख्ख्या गल्लीची तीन पिढ्यांची नावं पाठ. इथे पोस्टमन पट्टीवरचं नाव वाचतो, जुळलं नाही की पत्र परत. माझा कर क्रमांक परत गेला, विम्याचं कार्ड परत गेलं. पहिल्या पगारातून सगळ्यात वरच्या दराने कर कापलेला पाहिला तेव्हा मला वाटलं, कंपनीने फसवलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने हात धरून खाली नेलं आणि पेटीवर बोट ठेवलं. कागदाची पट्टी कापली, आडनाव लिहिलं, सेलोटेप लावला. दोन मिनिटांचं काम. जास्तीचा कापलेला कर पुढे मिळाला, पण ते दोन महिने मी उसनवारीवर काढले.

तपासा: पेटीवर आडनाव अगदी पासपोर्टवर आहे तसंच आहे का? घंटीवरही आहे का? दुसऱ्याच्या घरात खोली घेतली असेल तर मालकाच्या नावाखाली तुमचं नाव आहे का? किल्ली घेतल्या दिवशीच हे करा, आनमेल्डुंगच्याही आधी.

टप्पा ६: विमा, खातं, कर

हे भराभर होतं, क्रम चुकला नाही तर.

आरोग्य विमा: प्रवासासाठी काढलेला विमा नोकरी सुरू झाल्यावर पुरत नाही. सरकारी पद्धतीच्या कोणत्याही क्रांकेनकासेत, म्हणजे आरोग्य विमा संस्थेत, नाव घाला. कोणती, ते तुम्ही ठरवायचं. गप्प बसलात तर मालक ठरवतो. मूळ हप्ता पगाराच्या १४.६ टक्के आणि वर त्या संस्थेचा थोडा जादा हप्ता, त्यातलं अर्धं मालक भरतो. कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं सोबत राहत असतील तर त्याच हप्त्यात येतात.

बँक खातं: एखाद्या बँकेने नाही म्हटलं तर "बाझिसकोंटो" मागा. २०१६ पासून देशात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला साध्या खात्याचा हक्क आहे. बँकेला दहा कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

कर क्रमांक: ११ आकडी श्टॉयर-आयडी आनमेल्डुंगनंतर आपोआप पोस्टाने येतो. महिनाभरात आला नाही तर आधी पत्रपेटी बघा, मग जवळच्या फिनान्सआम्टमध्ये, म्हणजे कर कार्यालयात, विचारा. तो लगेच पगार विभागाला द्या.

याच सुमारास रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, रुंडफुंकबायट्रागचं, महिन्याला सुमारे १८ युरो. "आमच्याकडे टीव्हीच नाही," म्हणून पोरं फाडून टाकतात. टीव्ही असो नसो, घरटी एक वर्गणी आहे. चौघं एका घरात राहत असाल तर एकाने भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. पत्र फाडणाऱ्याच्या नावावर थकबाकी चढत राहते.

टप्पा ७: सल्लागाराकडे जाणं

२७ वर्षांवरच्या स्थलांतरितांसाठी "मिग्रात्सिओन्सबेराटुंग", म्हणजे स्थलांतर सल्लाकेंद्र, आहे. १२ ते २७ वयाच्या मुलामुलींसाठी "युगेंडमिग्रात्सिओन्सडीन्स्ट". दोन्ही सरकारी खर्चाने चालतात, दोन्ही फुकट. चालवतात कारितास, डियाकोनी, आवो, जर्मन रेड क्रॉस अशा संस्था. तुमच्या पाच आकडी पिनकोडवरून जवळचं केंद्र बाम्फच्या, म्हणजे संघीय स्थलांतर कार्यालयाच्या, नकाशावर सापडतं. केंद्र लांब असेल तर एमबेऑन नावाच्या अॅपवर सल्लागाराशी लेखी बोलता येतं. नोकरीतल्या हक्कांसाठी मात्र वेगळं दार आहे, "फेअरे इंटेग्रात्सिओन". पगार, जादा तास, करारातली परतफेडीची अट हे सगळं तिकडे.

दोन गैरसमज. एक, "कारितास, डियाकोनी चर्चच्या आहेत, आपला धर्म विचारतील." नाही विचारत. हिजाब घातलेल्या, टिळा लावलेल्या, सगळ्या बाया तिथे एकाच बाकावर बसलेल्या असतात. दोन, "आपण गेलो तर परवान्याच्या कार्यालयाला कळेल." सल्लागार गोपनीयता पाळतो. ही केंद्रं म्हणजे परवान्याचं कार्यालय नव्हे.

जाताना काय करायचं, ते एका प्रसंगावरून सांगतो. परभणीकडच्या एका मुलासोबत गेलो होतो. त्याने डी-मार्टच्या पिशवीत चार महिन्यांची पत्रं आणली होती, निम्मी न उघडलेली. सल्लागार बाईंनी पिशवी टेबलावर ओतली, कात्रीने पाकिटं उघडली आणि तीन ढीग केले: तारीख उलटलेली, तारीख जवळ आलेली, नुसती माहिती. पाऊण तासाच्या भेटीतला अर्धा तास यातच गेला. त्याचा खरा प्रश्न होता मान्यतेच्या आदेशाचा. त्यात दाखवलेल्या, जर्मन अभ्यासक्रमाशी असलेल्या तफावती केंटनिसप्र्यूफुंग या ज्ञान तपासणाऱ्या परीक्षेने भरून काढायच्या की दवाखान्यातल्या पूरक प्रशिक्षणाने, हे ठरवायचं होतं. त्याच्यासाठी दुसरी टर्मिन घ्यावी लागली, तीन आठवड्यांनंतरची.

म्हणून:

- पत्रं तारखेप्रमाणे लावून न्या, नवं वर.
- एका भेटीला एकच मुख्य प्रश्न, कागदावर लिहून.
- पासपोर्ट, परवाना, करार आणि शेवटच्या तीन पगारचिठ्ठ्या सोबत.
- मराठी जाणणारा सल्लागार मिळण्याची आशा धरू नका. इंग्रजीत बोलता येईल का, ते वेळ घेतानाच विचारा. दुभाषा म्हणून मित्राला नेत असाल तर त्याने फक्त भाषांतर करावं. आपल्याकडचे मित्र उत्तरही तेच देऊन टाकतात.
- निघताना पुढचं पाऊल आणि तारीख त्यांच्याकडून लिहून घ्या.

सल्लागार तुमच्या वतीने न्यायालयात लढत नाही, घर शोधून देत नाही, टर्मिन जादूने पुढे ओढत नाही. पण कोणतं पत्र कुणाला आणि कधीपर्यंत, हे त्याच्याइतकं नीट कोणी सांगणार नाही.

तातडीच्या वेळी मात्र सल्लागार नाही, नंबर: रुग्णवाहिका आणि आग ११२, पोलीस ११०, दवाखाने बंद असताना डॉक्टर ११६११७. घरात मारहाण होत असलेल्या बायांसाठी ११६०१६, दिवसरात्र, फुकट, अनेक भाषांत. नवऱ्याच्या परवान्यावर आलेल्या बहिणींनी हा शेवटचा नंबर पाठ करावा, फोनमध्ये साठवू नये.

टप्पा ८: निवास परवाना

व्हिसा हा आत येण्यापुरता. राहण्याचा परवाना आउसलेंडरबेहोर्डेकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून, घ्यायचा. अर्ज व्हिसा संपण्याआधी पोचला पाहिजे. वेळ उशिराची मिळाली तरी चालतं, पण अर्ज मुदतीतला हवा. व्हिसा संपायच्या आठ-दहा आठवडे आधी अर्ज टाका आणि मिळाल्याची पोच मागा. निर्णय लांबला तर "फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग" हा तात्पुरता कागद मिळतो.

इशारा: या कागदाचे प्रकार आहेत. काहींवर देशाबाहेर जाऊन परत येता येतं, काहींवर नाही. बहिणीच्या लग्नाचं तिकीट काढण्याआधी कोणत्या चौकोनात खूण आहे, ते सल्लागाराला दाखवा.

परवान्याच्या कार्डाचा पिन पोस्टाने येतो. पुन्हा तीच पत्रपेटी.

टप्पा ९: भाषेचा वर्ग आणि कुटुंब

सरकारी इंटेग्रात्सिओन्सकुर्स साधारण ७०० तासांचा असतो: ६०० भाषा, १०० देशाची ओळख. तुम्हाला तो मिळेल का, किती पैसे भरावे लागतील, हे परवान्यावर आणि आधीच्या भाषापातळीवर ठरतं. फी भरण्याआधी सल्लागाराला विचारा. पाळीची नोकरी करणाऱ्याने संध्याकाळचा वर्ग घेतला की दुसऱ्या महिन्यात तो सुटतो. पाळीचं वेळापत्रक घेऊनच वर्ग निवडा.

मुलं सोबत आली असतील तर फामिलियनकासे या कार्यालयाकडे किंडरगेल्डचा, म्हणजे बालभत्त्याचा, अर्ज करा. २०२५ मध्ये ते प्रत्येक मुलामागे महिना २५५ युरो होतं. उशीर केला तर मागचे फक्त सहा महिने मिळतात. गाडी चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा.

टप्पा १०: नोकरी गेली किंवा जाण्याची भीती असेल तर

इथे दिवस मोजावे लागतात. क्रम असा:

१. तोंडी, व्हॉट्सअॅपवर किंवा मेलवर "उद्यापासून येऊ नको" म्हणाले तर ती कायदेशीर बडतर्फी नाही. ती कागदावर, शाईच्या सहीने लागते. तोवर कामावर हजर राहा, किंवा काम करायला तयार असल्याचं लेखी कळवा.

२. "आउफहेबुंग्सफेरट्राग", म्हणजे परस्पर संमतीने नोकरी सोडल्याचा करार, पुढ्यात ठेवला तर तिथल्या तिथे सही करू नका. "घरी नेऊन वाचतो" म्हणा. सही केली तर बेकारी भत्ता बारा आठवड्यांपर्यंत थांबू शकतो. आपली पोरं साहेबासमोर संकोचतात आणि पेन उचलतात.

३. पत्र मिळाल्यापासून तीन दिवसांत आर्बाइट्सआगेंटुरकडे, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाकडे, "काम शोधतोय" अशी नोंद.

४. दोन आठवड्यांत आउसलेंडरबेहोर्डेला कळवा. लपवलं तर पुढचा परवाना अडतो.

५. बडतर्फीला आव्हान द्यायचं तर तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा. त्याआधी, पहिल्याच आठवड्यात, फेअरे इंटेग्रात्सिओनची वेळ घ्या.

सरकारी कार्यालयाने एखादा अर्ज फेटाळला तर त्याविरुद्ध दाद मागायला बहुधा एक महिना असतो. नेमकी मुदत आणि दाद कुठे मागायची, हे त्याच पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात छापलेलं असतं. पिवळ्या पाकिटात आलेल्या पत्राची मुदत पाकिटावर पोस्टमनने हाताने लिहिलेल्या तारखेपासून मोजतात, म्हणून पिवळं पाकीट फेकू नका, पत्राला टाचून ठेवा.

बडतर्फीच्या पत्राचे दिवस ते पेटीत पडलं तेव्हापासून सुरू होतात. तुम्ही कधी उघडलं, याला किंमत नाही. दिवाळीला चार आठवडे गावाकडे येणार असाल तर पेटीची किल्ली वरच्या मजल्यावरच्या कुणाकडे तरी देऊन या, आणि रोज संध्याकाळी पाकिटांचे फोटो पाठवायला सांगा.